घळईच्या पलीकडून आलेली शीळ : ला गोमेरातील शालेय शिक्षणाचे एक प्रकरण

अटलांटिक महासागरातील कॅनरी द्वीपसमूहात ला गोमेरा हे एक लहान, जवळजवळ वर्तुळाकार बेट आहे. राजकीयदृष्ट्या ते स्पेनचा भाग असले, तरी स्पेनच्या मुख्य भूमीपेक्षा आफ्रिकेचा किनारा त्याला कितीतरी जवळ आहे. क्षेत्रफळ सुमारे ३७० चौरस किलोमीटर, लोकसंख्या सुमारे २२ हजार आणि नगरपालिका सहा, एवढाच त्याचा पसारा. या बेटावरील प्राथमिक शाळांत आणि माध्यमिक शिक्षणाच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे साधारण सहाव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंत, १९९९ पासून ‘सिल्बो गोमेरो’ ही शिळेची भाषा सक्तीने शिकवली जाते. गणित आणि भाषा यांच्याबरोबरीने शीळ घालण्याचा तास वेळापत्रकात असणे ही जगात फारच दुर्मीळ गोष्ट आहे. बेटाचा भूगोल आणि वारसा मुलांच्या हाती देण्याचे साधन म्हणून या विषयाने काय साधले आणि काय साधायचे राहिले, याचा विचार या प्रकरणात केला आहे.

मुलांना एखाद्या प्रदेशाची ओळख करून देताना आपण सहसा दोन वेगवेगळी दालने उघडतो. एका दालनात नकाशा, पर्वतांची उंची, पाऊस आणि पिके असतात. दुसऱ्यात सण, पोशाख, नृत्ये आणि जुन्या वास्तू असतात. या दोहोंमधला दरवाजा बहुधा बंदच राहतो आणि मुलाच्या मनात अशी समजूत घट्ट होते की जमीन ही एक गोष्ट आणि माणसांच्या चालीरीती ही दुसरी. ला गोमेराचे प्रकरण मला महत्त्वाचे वाटते ते नेमके यासाठी, की तेथे शाळेने निवडलेला विषय त्या जमिनीच्या आकारातूनच उपजलेला आहे. बेट सपाट असते, तर ही शीळ इतकी फुलली नसती.

बेटाची घडण

ला गोमेरा ज्वालामुखीय आहे. परंतु शेजारच्या टेनेरीफ किंवा ला पाल्मा या बेटांप्रमाणे तेथील ज्वालामुखी आज जागृत नाहीत. गेली सुमारे २० लाख वर्षे तेथे उद्रेक झालेला नाही. नवा लाव्हा पसरून जुन्या जखमा बुजवल्या जात नसल्याने पाण्याला खडक कोरायला अखंड अवधी मिळाला. परिणामी मध्यभागीच्या उंचवट्यापासून समुद्राकडे, चाकाच्या आऱ्यांप्रमाणे, चहूबाजूंनी खोल घळया उतरलेल्या दिसतात. सर्वांत उंच जागा असलेले गाराहोनायचे शिखर सुमारे १४८५ मीटर उंच आहे, आणि बेटाचा व्यास अवघा २५ किलोमीटरच्या आसपास आहे. एवढ्या कमी अंतरात एवढी उंची गाठायची म्हणजे उतार किती तीव्र असतील, याचा अंदाज केवळ या दोन आकड्यांवरूनही बांधता येतो.

बेटाच्या मध्यभागी रोके दे आगांदोसारखे उभे सुळके आहेत. ज्वालामुखीच्या नळीत थिजलेला कठीण खडक तसाच राहिला आणि भोवतालचा मऊ भाग झिजून गेला, म्हणून हे सुळके आज उघडे पडलेले दिसतात. वाय्येएर्मोसो या नगरपालिकेच्या उत्तर किनाऱ्यावरचा ‘लोस ऑर्गानोस’ हा उभ्या खडकस्तंभांचा कडा फक्त समुद्रातूनच नीट पाहता येतो. थंड होताना आकसणाऱ्या लाव्ह्याला तडे कसे जातात, हे समजावण्यासाठी त्याहून चांगले उदाहरण बेटावर नाही.

घळईच्या एका काठावरचा शेजारी सहज नजरेस पडतो, परंतु त्याच्यापर्यंत पोहोचायचे तर तळापर्यंत उतरून पुन्हा तेवढेच चढावे लागते. हाक मारली तर शब्द अर्ध्या वाटेतच विरतात. मनुष्याच्या बोलण्याची ऊर्जा अनेक कंप्रतांमध्ये विखुरलेली असते आणि त्यातला बराच भाग वाऱ्याच्या खालच्या पट्टीतील आवाजाखाली दबतो. शिळेची ऊर्जा मात्र साधारण १ ते ४ किलोहर्ट्झच्या अरुंद पट्ट्यात एकवटते. म्हणून अनुकूल हवेत ती सुमारे ३ किलोमीटरपर्यंत स्पष्ट ऐकू जाऊ शकते. घळईच्या भिंती तिला वाट दाखवतात. मेंढपाळ, शेतमजूर आणि डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेते कसणारी कुटुंबे यांना अशा साधनाची रोजची गरज होती. कोणाला बोलवायचे आहे, कोणाची शेळी भरकटली आहे, कोणाच्या घरी मृत्यू झाला आहे, हे सगळे शिळेतून कळवले जाई.

शिळेची रचना

सिल्बो ही ठरावीक खुणांची यादी नव्हे, तसेच ती स्वतंत्र भाषाही नव्हे. ती बोलीभाषा शिळेत उतरवते, आणि आज ती बोलीभाषा स्पॅनिश आहे. युनेस्कोच्या वर्णनानुसार स्पॅनिशच्या पाच स्वरांसाठी दोन आणि व्यंजनांसाठी चार वेगवेगळ्या शिळा वापरल्या जातात. सूर उंच की खालचा, आणि तो सलग की तुटक, यांवरून त्या ओळखल्या जातात. ला लागुना विद्यापीठाचे रामोन त्रुहीयो यांनी १९७० च्या दशकात हीच मांडणी केली होती. पुढच्या काही अभ्यासकांच्या मते कुशल शीळकऱ्यांच्या शिळेत दोनांहून अधिक स्वर वेगळे ऐकू येतात, आणि हा वाद अजून मिटलेला नाही. वर्गातल्या मुलाला या वादाचे काही नसले, तरी त्याचा परिणाम त्याला पहिल्याच महिन्यात जाणवतो. अनेक शब्द शिळेत सारखेच ऐकू येतात आणि त्यांतला नेमका शब्द कोणता हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. त्यामुळे संदेश लहान वाक्यांत, ओळखीच्या विषयावर आणि ज्याला सांगायचे त्याचे नाव आधी घेऊन दिला जातो. समोरचाही ऐकलेले पुन्हा शिळेत म्हणून खात्री करून घेतो.

शिळेत उतरलेली ही बोलीभाषाच आहे, केवळ संकेत नव्हेत, याला मेंदूच्या अभ्यासातूनही दुजोरा मिळाला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की सिल्बो जाणणाऱ्यांच्या मेंदूतील, एरवी बोललेली भाषा समजून घेणारे भाग शीळ ऐकतानाही कार्यरत होतात. ती न जाणणाऱ्या माणसांत तसे घडत नाही.

इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत बोलकी बाब अशी की ही शीळ स्पॅनिश लोकांच्या आधीची आहे. बेटाचे मूळ रहिवासी उत्तर आफ्रिकेतील बर्बर समाजांशी नाते सांगणारे होते आणि त्यांची स्वतःची भाषा होती. पंधराव्या शतकाच्या आरंभी आलेल्या फ्रेंच मोहिमेच्या वृत्तांतात गोमेरातील माणसे जणू जीभ नसल्याप्रमाणे ओठांनी बोलतात, असे नमूद आहे. पुढे स्पॅनिश सत्ता आली, मूळ भाषा काळाच्या ओघात लोपली, परंतु शीळ टिकली आणि तिने नव्या भाषेचे शब्द आत्मसात केले. जुना समाज पूर्णपणे नाहीसा झाला नाही, तो नव्या समाजात मिसळला, हे सांगणारा याहून जिवंत पुरावा बेटावरच्या मुलांना क्वचितच मिळेल.

ओहोटी आणि १९९९ चा निर्णय

विसाव्या शतकाच्या मध्यापासून शिळेला ओहोटी लागली. कोरडवाहू शेतीवर पोट भरेना, म्हणून माणसे व्हेनेझुएलाकडे आणि टेनेरीफच्या शहरांकडे निघून गेली. १९४० च्या सुमारास २८ हजारांच्या आसपास असलेली लोकसंख्या १९८० पर्यंत २० हजारांच्या खाली आली. शेते ओस पडली, रस्ते झाले, घरोघरी टेलिफोन आले. १९७४ मध्ये टेनेरीफशी नियमित मोटारवाहू बोटसेवा सुरू झाली आणि बेटाचा एकांतवास आणखी कमी झाला. ज्या गरजेपोटी शीळ होती, ती गरजच आटत गेली. शिवाय शीळ ही गरीब, अडाणी, डोंगरी माणसाची खूण मानली जाऊ लागली, आणि आपल्या मुलांनी शिकून शहरात जावे अशी इच्छा असलेल्या आईबापांना ती त्यांच्यापर्यंत पोहोचवावीशी वाटेना.

या पार्श्वभूमीवर कॅनरी द्वीपांच्या स्वायत्त सरकारने १९९९ मध्ये सिल्बोला सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला आणि ला गोमेराच्या शाळांत तिचे शिक्षण सक्तीचे केले. त्याच वर्षी बेटावर विमानतळ सुरू झाला. बाहेरच्या जगाची दारे पूर्ण उघडत असतानाच आतला ठेवा शाळेच्या हवाली झाला, हा कालक्रम मला अर्थपूर्ण वाटतो. २००९ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत सिल्बोचा समावेश केला.

शिकवायचे कोणी, ही पहिली अडचण होती. ज्यांना शीळ उत्तम येत होती, त्यांच्यापाशी शिक्षकाची पदवी नव्हती. आणि पदवीधर शिक्षकांपैकी अनेकांना शीळ येत नव्हती. इसिद्रो ऑर्तिस यांच्यासारख्या, डोंगरात वाढलेल्या जुन्या शीळकऱ्यांना वर्गात आणण्यात आले आणि एउहेनियो दारियास यांच्यासारख्या शिक्षकांनी विषयाच्या आखणीचे काम केले. अशी व्यवस्था ज्ञानाचा मान राखणारी आहे. ज्याच्याकडे विद्या आहे तो गुरू, आणि कागदपत्रांची सोय शासनाने करावी, हा क्रम येथे योग्य लावला गेला.

तास मात्र तुटपुंजा आहे, आठवड्याला साधारण अर्धा तास. तेवढ्यात आधी आवाज काढायला शिकायचा असतो. दुमडलेले बोट जिभेवर दाबून, दुसऱ्या हाताचा द्रोण तोंडाशी धरून फुंकर घालावी लागते. सुरुवातीला नुसती हवा निघते. कोणाला एका हाताचे बोट सोयीचे पडते, कोणाला दोन बोटे. ज्याच्या-त्याच्या तोंडाच्या ठेवणीनुसार पद्धत ठरते आणि शिक्षक ती बदलायला लावत नाही. मग उंच आणि खालच्या सुरांतला फरक, मग वर्गातल्या मुलांची नावे, मग ‘इकडे ये’ किंवा ‘वही उघड’ अशा छोट्या आज्ञा, आणि त्यानंतर प्रश्नोत्तरे. समजणे आधी येते आणि घालणे नंतर. ज्या मुलाला अजून नीट शीळ घालता येत नाही, तेही इतरांची शीळ ओळखू शकते आणि म्हणून ते विषयाबाहेर राहत नाही.

मधली रिकामी जागा

युनेस्कोच्या नोंदीत एक वाक्य असे आहे की १९५० पूर्वी जन्मलेल्या जवळजवळ सर्वांना आणि १९९९ पासून शाळेत शिकलेल्या तरुणांना सिल्बो घालता येते. हे वाक्य यशाचा दाखला म्हणून वाचले जाते, आणि ते तसे आहेही. परंतु या प्रकरणाचा सर्वांत अवघड प्रश्नही त्याच वाक्यात दडलेला आहे. १९५० नंतर जन्मलेली आणि १९९९ पूर्वी शाळा सोडलेली जी पिढी आहे, तिच्यातील पुष्कळांना शीळ येत नाही. म्हणजेच ज्या मुलांना शाळेत शीळ शिकवली गेली, त्यांच्या आईवडिलांनाच ती येत नव्हती.

शाळेत शिकलेली कोणतीही भाषा घरात वापरली गेली तरच रुजते. येथे घरातला दुवा आजोबा-आजींकडे गेला. नातवाने शाळेतून आणलेली शीळ आजोबांनी अंगणातून दुरुस्त करायची आणि आईवडिलांनी ती कौतुकाने ऐकायची, अशी रचना निर्माण झाली. तिचे मोल मोठे आहे, कारण तिने म्हाताऱ्या माणसांच्या ज्ञानाला पुन्हा किंमत आणली. जे कौशल्य खालच्या प्रतीचे म्हणून लपवले जात होते, त्याच कौशल्यासाठी नातू आजोबांकडे धाव घेऊ लागला. परंतु १९५० पूर्वी जन्मलेली माणसे आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. हा आधार फार काळ पुरणार नाही. १९९९ च्या पहिल्या वर्गांतील मुले आता स्वतः आईबाप झाली आहेत, आणि ती आपल्या मुलांशी घरात शिळेने बोलतात की नाही, यावर पुढचे सारे अवलंबून आहे.

आणखी एक गट लक्षात घ्यायला हवा. वाय्ये ग्रान रेय या पश्चिमेच्या दरीत १९७० च्या दशकापासून जर्मन माणसे येऊन स्थायिक होत आली आहेत. व्हेनेझुएलाला गेलेल्यांची मुले-नातवंडेही परतली आहेत. या घरांतील मुलांना बेटाच्या वारशाचा जन्मसिद्ध हक्क सांगता येत नाही. तरीही सक्तीच्या विषयामुळे तीही शेजारच्या मुलांइतकीच शीळ शिकतात. वारसा रक्ताने नव्हे तर राहण्याने आणि शिकण्याने मिळतो, ही भूमिका येथे भाषणाविना, वेळापत्रकातूनच घेतली गेली आहे. वैकल्पिक विषय ठेवला असता तर बहुधा जुन्या घरांतील मुलेच तो घेती आणि बाकीची बाहेर राहती. सक्तीबद्दल एरवी शंका घेणाऱ्या मला या ठिकाणी सक्ती योग्य वाटते.

वर्गाच्या भिंती

या उपक्रमाची खरी मर्यादा मला जागेत दिसते. चार भिंतींच्या आत घातलेली शीळ कानठळ्या बसवते आणि तिचे कारण मात्र समजत नाही. पाच मीटरवर बसलेल्या मैत्रिणीला शिळेने ‘वही दे’ म्हणणे हा सराव आहे. पण एवढ्या अंतरावर ते बोलूनही सहज सांगता येते. मुलाला शिळेचा अर्थ उमगतो तो घळईच्या एका काठावर उभे राहून, दुसऱ्या काठावरच्या वर्गमित्राला निरोप पोहोचवताना. वारा कोठून येतो, आवाज कोणत्या भिंतीवर आपटून परततो, कोठे उभे राहिले तर ऐकू येते आणि चार पावले सरकल्यावर का येत नाही, हा सगळा भूगोल आहे आणि तो तेथेच शिकता येतो. आगूलो, एर्मिगुआ किंवा वाय्येएर्मोसो येथील शाळांना अशी जागा दारातच उपलब्ध आहे. आठवड्याच्या अर्ध्या तासाऐवजी महिन्यातून दोनदा पूर्ण सकाळ घळईत घालवली, तर त्या वेळात शीळ, खडक, उतार आणि वारा एकत्र शिकवता येतील, असे माझे मत आहे.

त्या सकाळीत शिळेबाहेरचेही पुष्कळ येते. बेटाच्या माथ्यावरचे गाराहोनाय राष्ट्रीय उद्यान १९८१ मध्ये स्थापन झाले आणि १९८६ मध्ये जागतिक वारसास्थळ ठरले. सुमारे ४००० हेक्टरांच्या या उद्यानाचा बहुतेक भाग लॉरेलच्या अरण्याने व्यापला आहे. आपल्या दालचिनी आणि तमालपत्राच्या कुळातली झाडे त्यात आहेत. असे अरण्य लाखो वर्षांपूर्वी दक्षिण युरोपात पसरलेले होते. तेथे ते हवामानबदलात नष्ट झाले, या बेटांवर टिकले. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे डोंगराला अडून धुके तयार करतात, पानांवर ते धुके थेंबाथेंबाने गोळा होऊन जमिनीत मुरते, आणि खालच्या घळयांतले झरे त्यावर वाहतात. २०१२ च्या ऑगस्टमधील वणव्यात उद्यानाचा सुमारे पाचवा हिस्सा जळाला. बेटावरच्या मुलांना पाणी कोठून येते हे शिकवण्यासाठी जळालेली आणि शाबूत अशा दोन्ही जागा जवळजवळ दाखवता येतात. ही दुःखद असली तरी शिक्षकाने सोडू नये अशी संधी आहे.

खालच्या दऱ्यांत कॅनरी खजुरीची झाडे आहेत. त्यांच्या शेंड्याला छेद देऊन रात्रभर गोळा केलेला रस उकळून ‘पाममध’ केला जातो. कोकणात माडाची नीरा काढणाऱ्याला तेथील रस काढणाऱ्याचे काम लगेच ओळखता येईल, एवढे ते जवळचे आहे. एल सेर्कादो गावात चाकाविना हाताने मडकी घडवली जातात. मोठ्या चिपळ्यांसारख्या ‘चाकारास’ आणि ढोल यांच्या तालावरचे नृत्य उत्सवांत चालते. या प्रत्येक गोष्टीला बेटावर एक जागा आणि एक कारण आहे, आणि ते दाखवल्याशिवाय ती नुसती नमुन्याची वस्तू ठरते.

इतिहासाच्या बाबतीत मला एका गोष्टीचा आग्रह धरावासा वाटतो. ६ सप्टेंबर १४९२ रोजी कोलंबसाची जहाजे सान सेबास्तियान बंदरातून पश्चिमेकडे निघाली, आणि बेट स्वतःची ओळख त्या घटनेशी अभिमानाने जोडते. त्याच गावातला काउंटचा बुरूज मात्र आणखी एक कथा सांगतो. १४८८ मध्ये बेटाच्या मूळ रहिवाशांनी उठाव करून तेथील जुलमी स्वामी एर्नान पेरासा याला ठार मारले; त्याची पत्नी बेआत्रिस दे बोबादिया हिने त्या बुरुजात आश्रय घेतला; आणि ग्रान कनारिया या कॅनरी बेटावरून आलेल्या फौजेने सूड उगवताना कित्येकांना मारले व गुलाम म्हणून विकले. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला हे सांगता येते आणि सांगितले पाहिजे. ज्या माणसांची शीळ ते मूल शिकत आहे, त्या माणसांचे काय झाले हे त्याच्यापासून लपवले, तर शीळ निव्वळ करमणूक उरेल.

करमणुकीचा धोका प्रत्यक्षही आहे. टेनेरीफहून एका दिवसासाठी येणाऱ्या पर्यटकांसमोर उपाहारगृहांत शिळेची प्रात्यक्षिके होतात. एकाने वस्तू लपवायची आणि दुसऱ्याने शिळेच्या सूचनांवरून ती शोधायची, हा त्यातला लोकप्रिय प्रकार. त्यातून काही तरुणांना रोजगार मिळतो, आणि बेटावर रोजगार कमी असल्याने त्याला कमी लेखता येणार नाही. तरीही श्रोता पर्यटक असला की शीळ त्याला उद्देशून घातली जाते, आणि त्याला ती समजत नाही. शाळेला जे घडवायचे आहे ते ऐकणारे आणि उत्तर देणारे शेजारी आहेत. चौदाव्या वर्षी सक्तीचा विषय संपतो; त्यानंतर मुलाला शीळ वापरण्याची जागा शाळा पुरवत नाही. गावोगावच्या उत्सवांतील मिरवणुका, डोंगरवाटांवर फिरणाऱ्या तरुणांचे गट आणि मधल्या पिढीतील आईवडिलांसाठीचे प्रौढ वर्ग या तीन ठिकाणी ती जागा निर्माण करता येईल, आणि माझ्या मते त्यांतले प्रौढ वर्ग सर्वांत आधी हाती घ्यावेत, कारण आजोबांची शीळ प्रत्यक्ष ऐकून शिकण्याची संधी त्या आईवडिलांना आताच आहे.